दादाचं कसं सुरू झालं

६ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही ‘जेवलात का, जेवले, थंडी आहे का, आहे’ एवढ्यावर येऊन थांबतो आणि मग मी ‘ठेवतो’ म्हणतो. दादाला जाऊन आता दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक धड पत्र लिहिलं नाही याची लाज वाटते.

माझं काम तेच. सकाळी क्रेनची शिडी चढायची, वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन लिव्हर धरायचे आणि जहाजातले कंटेनर उचलून खाली ट्रकवर ठेवायचे. पायाखालीसुद्धा काच आहे, त्यामुळे दिवसभर मान खाली. धक्क्यावरची माणसं वायरलेसवर ‘डावीकडे, अजून, अजून, बस’ एवढंच बोलतात. संध्याकाळी खाली उतरल्यावर कधीकधी लक्षात येतं, आज आपण ‘बरं’ आणि ‘झालं’ यापलीकडे एक शब्द बोललो नाही.

हल्ली दादाची फार आठवण येते. तो आजारी पडला तेव्हा मी इकडे होतो. आलो तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत बसलेला. त्याचं नेमकं कसं सुरू झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आधी पाय गेला की हात? तुम्हाला त्रास होणार नसेल तर लिहा.

इकडे थंडी बरीच आहे. माझी डावी पोटरी अधूनमधून उडते, थंडीनेच असेल.

तुमचा,
धाकटा


१५ जानेवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र लाँड्रीच्या काउंटरवरच फोडलं आणि वाचत बसले. एका गिऱ्हाइकाचा कोट इस्त्रीच्या टेबलावर तसाच पडून. ते गृहस्थ समोर उभे राहून खाकरले तेव्हा मी भानावर आले.

तुम्ही काय विचारलंत याची तुम्हाला कल्पना नाही. ह्यांचा विषय काढला की लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि हवापाण्याचं बोलायला लागतात. शेजारच्या काकू तर सरळ म्हणतात, “जाऊ दे गं आता.” कुठे जाऊ दे? मला बोलायचं असतं. बोलायला माणूस नाही.

तर ऐका. आधी पाय. तुम्हाला आठवत असेल, पोहण्याच्या तलावावरची पोरं ह्यांना ‘बेडूक सर’ म्हणायची, कारण पाय कसे मारायचे ते हे बाकावर पालथे पडून दाखवायचे. पोट सुटलेलं, पाय हवेत, आणि चेहरा असा गंभीर की जणू परीक्षाच चाललीय! एका संध्याकाळी घरी आले ते एकाच पायात चप्पल. “दुसरी कुठाय?” म्हटलं, तर खाली बघून म्हणाले, “अरेच्चा.” तसेच मागे गेले आणि रस्त्यातून उचलून आणली. मी पोट धरून हसले. वेंधळेपणा तर रोजचाच होता. पुढे आठवड्यातून दोनदा निसटायला लागली तरी मी हसतच होते.

मग बटणं. म्हणायचे, “हल्ली काजं लहान शिवतात.” मी दिवसाला शंभर शर्ट हाताळते भाऊजी, काजं कुठे लहान झाली नव्हती. पण तोंडावर कसं सांगणार? मी सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून टाकली. ते आरशासमोर उभे राहून टिच टिच करत म्हणाले, “वा, आता आम्ही फॅशनवाले!” मी काढलेली बटणं डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला.

अजून खूप आहे. तुम्ही विचारत जा, मी लिहीत जाईन. इतकं मोकळं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पोटरी उडते म्हणता, तर पाय उघडे ठेवत असाल. सोबत लोकरीचे मोजे पाठवते आहे. घाला. नुसते ठेवून देऊ नका.

तुमची,
वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. मोजेही मिळाले, पायात आहेत.

दोनचार गोष्टी विचारायच्या राहिल्या. चप्पल निसटायच्या आधीपासून पायात काही उडत होतं, की ते नंतर आलं? दंडात, अंगठ्यात, पापणीत उडायचं का? एकाच जागी की सगळीकडे? जिभेचं काय? पोटरी बारीक झालेली नुसत्या डोळ्यांना दिसली, की मापल्यावर कळलं? डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काय काय करायला लावलं? टाचांवर चालवलं होतं का?

जमेल तितक्या लवकर लिहा.

धाकटा


२ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद. उडण्याचं म्हणाल तर ते मी पाहिलं, ह्यांनी नाही. एकदा बनियनवर दाढी करत होते. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सळसळताना दिसलं, पाणी उकळी धरायच्या आधी हलतं ना, तसं. मी म्हटलं, “अहो, हे काय?” ते म्हणाले, “कुठे काय?” त्यांना काही जाणवतच नव्हतं. तोवर चप्पल निसटायला लागून बरेच महिने झाले होते, आणि जिना चढताना कठडा धरायला लागले होते. डॉक्टरांकडे

इथवर लिहिलं आणि चहा ठेवायला उठले. चहा उकळेपर्यंत तुमचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा घाईत वाचलं होतं.

एवढे प्रश्न विचारलेत, पण एकातही दादा नाही. दंड आहे, अंगठा आहे, जीभ आहे. तो हसायचा कसा, शेवटी शेवटी काय मागायचा, मला काय म्हणाला, ह्यातलं काहीच नाही.

मी वेडी. मला वाटलं तुम्हाला दादा हवा आहे, म्हणून तुम्ही विचारताय. तुम्हाला त्याचा आजार हवा होता. चार पानं लिहिली मी त्या आनंदात. लिहिताना मधेच स्वतःशी हसलेसुद्धा.

आणि हेही कळतं की असं कोणी उगीच विचारत नाही. भाऊजी, तुम्हाला काय होतंय? ते लिहा. ते आल्याशिवाय मी पुढचं एक अक्षर सांगणार नाही.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तुम्हाला पुन्हा दादाच्या आजारपणाच्या त्या खोलीत नेऊन बसवल्यासारखं झालं असतं. आता वाटतं, तसंही तेच केलं, वर लबाडीने केलं.

पावसाळा संपता संपता सुरू झालं. आधी पापणी. मग डावी पोटरी. नुसता बसलो तरी कातडीखाली किडा वळवळावा तसं दिसतं. मग मांडी, मग उजव्या हाताचा अंगठा. लिव्हरवर ठेवलेला असताना आपला आपण उडतो. पहिल्यांदा उडाला तेव्हा खाली कंटेनर हवेत होता. काही झालं नाही, तो तसूभरही हलला नाही, पण मला घाम फुटला.

तेव्हापासून माझा दुसरा उद्योग हाच. घरी आलो की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचांवर चालतो, मग चवड्यांवर. आरशासमोर जीभ काढून उभा राहतो. शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मापतो आणि दर वेळी वेगळंच माप येतं. मोबाईलवर जे जे वाचायला मिळालं ते सगळं वाचून काढलं. कॅन्टीनमध्ये एकदा हातातून चमचा पडला, त्या दिवसापासून डबा केबिनमध्येच खातो. कोणी बघायला नको.

अजून एक सांगतो, हे कोणालाच माहीत नाही. गेटवर वजनकाटा आहे, ट्रक भरल्यावर तिथे तोलतात. तिथे एक बाई आहेत. वर्षभर रोज सुटताना मी त्यांच्या खिडकीशी थांबायचो. त्या माझ्यासाठी चहाचा एक कप जास्तीचा भरून ठेवायच्या. बोलणं साधंच, पण दिवसातलं खरं बोलणं तेवढंच. आता मी मागच्या गेटने जातो. त्यांना काही सांगितलं नाही. दादाने तुमच्या वाट्याला जे आणलं ते मी कोणाच्या वाट्याला आणणार नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो तर कळेल. वर केबिनमध्ये बसल्यावर वाटतं, जोवर कळलं नाही तोवर मी आहे.

धाकटा


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

तू दहावीत होतास तेव्हा मी या घरात आले आणि तेव्हापासून तुला ‘अहो भाऊजी’ म्हणत आले. आज अरे-तुरे करणार आहे, कारण ‘अहो’ म्हणून असं रागावता येत नाही.

पहिली गोष्ट. तुझ्या लिव्हरखाली माणसं उभी असतात. अंगठ्यावर भरवसा नसेल तर उद्याच्या उद्या साहेबांना सांग आणि खाली उतर. स्वतःच्या जिवाचं तुला काय करायचं ते कर, दुसऱ्याच्या डोक्यावर लोखंड लटकवून भीत बसू नकोस.

दुसरी. तुला तो स्नायू वाळवत नेणारा आजार नाही असं मी म्हणणार नाही. मी इस्त्री करणारी बाई, डॉक्टर नव्हे. खोटा धीर ह्यांना इतका दिला, इतका दिला, की आता माझ्याकडे द्यायला शिल्लक नाही. मी पाहिलं तेवढं सांगते. ह्यांना आधी जमेनासं झालं. चप्पल, बटण, जिना. उडत होतं ते त्यांना ठाऊकही नव्हतं. तुझं सगळं उडतंय, आणि तू रोज ती उभी शिडी चढून जातोस. याचा अर्थ काय ते तुझं तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. तारीख घे आणि मला कळव. म्हणशील तर मी येते. लाँड्री चार दिवस बंद राहिली तर लोक चुरगळलेले शर्ट घालतील, मरणार नाहीत.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. दादाने माझ्या वाट्याला काय आणलं ते तू परस्पर ठरवलंस. मला विचारलंस? ती वर्षं वाईट होती. मी एकदा बाथरूमचं दार लावून नळ सोडून ओरडले आहे. पण त्याच वर्षांत हे माझ्याकडे असे बघायचे, की लग्न झाल्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. हात गेले, बोलणं गेलं, डोळे राहिले होते. शेवटी भुवईने थट्टा करायचे माझी. ते मी कोणाला दिलं नसतं. मला कोणी आधी विचारलं असतं, ‘बाई, हे असं असं होणार आहे, राहतेस का?’ तर मी राहिले असते. त्या काट्यावरच्या बाईला विचारायचं सोडून तू मागच्या गेटने पळतोस. हा त्याग नव्हे. ही भीती आहे.

पत्र पाठव.

वहिनी


१४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र नाही. दोनदा फोन केला, तुला माहीत आहे मला फोन म्हटलं की कसं होतं, तरी केला. वाजत राहिला.

मी फार कडक लिहिलं का? तसं असेल तर तसं सांग. काही वाईट कळलं असेल तर तेही सांग. मी ऐकू शकते. हे एक काम मला चांगलं येतं.

बॅग भरून ठेवली आहे.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

बॅग उपसा. चांगली बातमी आहे.

फोन उचलला नाही कारण तेव्हा सांगण्यासारखं काही हातात नव्हतं, आणि तुमचा आवाज ऐकला असता तर मी तारीख रद्द केली असती. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी क्रेनवरून उतरवलं, आणि तेव्हापासून मी धक्क्यावर उभा राहून दुसऱ्याला ‘डावीकडे, अजून, बस’ सांगत होतो. खालून वर बघितलं की केबिन काडेपेटीएवढी दिसते. आत माणूस आहे हे कळतसुद्धा नाही.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. दादाचं सगळं सांगितलं, तुम्ही लिहिलेलं होतं म्हणून नीट सांगता आलं. त्यांनी टाचांवर चालवलं, हातोडी मारली, बोटं ओढायला लावली, जीभ बघितली. मग तारीख देऊन पुन्हा बोलावलं आणि हातापायांत बारीक सुया घालून मशीनवर बघितलं. पाय आवळला की मशीन खरखरतं, सैल सोडला की गप्प. त्या म्हणाल्या, “ही शांतताच मला ऐकायची होती.” मधेच पोटरी उडाली, तेव्हा पत्र्यावर थेंब पडल्यासारखा एक आवाज झाला. मी मशीनकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “हो, तो ऐकला मी. त्याने काही बिघडत नाही.”

नसा ठीक, स्नायू ठीक. मी म्हटलं, “पण माझा भाऊ…” त्या म्हणाल्या, “घरात दुसऱ्याला होणं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. तुमच्यात आज त्याची एकही खूण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या. मला काळजी आहे म्हणून नव्हे, तुम्हाला आहे म्हणून.” मग झोप किती, कॉफी किती, विचारलं. “घरी कोण असतं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “कोणी नाही.” त्यांनी तेही लिहून घेतलं.

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडायला लागलो. शेजारच्या आजोबांना वाटलं वाईट बातमी असणार. पाण्याची बाटली पुढे केली त्यांनी. वहिनी, तुम्हाला विचित्र वाटेल. सुटलो म्हणून रडत नव्हतो. इतके महिने भीतीत का होईना, दादाजवळ होतो. जे त्याला झालं ते मला होतंय, म्हणजे आम्ही एकाच खोलीत आहोत. आता त्या खोलीतून मलाही बाहेर काढलं. आणि तो खरंच गेला आहे, हे त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

उद्यापासून परत वर. उडायचं थांबलेलं नाही, कदाचित थांबणारही नाही म्हणाल्या. तुमचे उपकार कसे फेडू? आता तुम्हाला त्रास देणार नाही. अरे-तुरे मात्र तसंच राहू द्या, बरं वाटलं.

तुमचा,
धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

पत्र वाचून मागच्या खोलीत गेले आणि गठ्ठ्यात तोंड खुपसून मनसोक्त रडले. कोणाच्या तरी चादरी होत्या. पुन्हा धुवाव्या लागल्या. औक्षवंत हो.

आता पुढचं. ‘त्रास देणार नाही’ म्हणजे काय? पत्र बंद?

मी सरळ लिहिते, वळसे घ्यायचं वय गेलं. जानेवारीपासून मी पोस्टमनची वाट बघते आहे. त्याआधी बिलांशिवाय काही येत नव्हतं. तुझी भीती मला दिसत होती, तरी सकाळी उठताना वाटायचं, आज धाकट्याचं येईल. तुझ्या दुखण्यावर माझे दिवस बरे चालले होते, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तू रडलास ते मला विचित्र वाटलं नाही. मीही त्याच खोलीत बसले होते, फक्त तुला वाटलं तू एकटा आहेस.

आजाराचं मी सगळं सांगून संपवलं. माणूस अजून सांगायचाच आहे.

आणि त्या बाईंकडे जा. पुढच्या गेटने.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

गेलो. तीन ट्रक जाऊ दिले आणि खिडकीशी उभा राहिलो. सगळं सांगितलं, दादाचं, माझं, मागच्या गेटचं. त्या आकडे बघत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला वाटलं, माझ्या बोलण्यात काही चुकलं. किती दिवस तेच आठवत बसले.” मी म्हटलं, “सांगून काय झालं असतं?” त्या म्हणाल्या, “ते मी बघितलं असतं ना.” मग मागच्या ट्रकने हॉर्न दिला, त्या म्हणाल्या, “सरका जरा,” आणि मी सरकलो.

त्यानंतर रोज थांबतो. कप एकच असतो, त्यांचा. परवा विचारलं, “आज उडतंय का?” मी म्हटलं, “उडतंय.” त्या म्हणाल्या, “उडू दे.” यापुढे काही होईल असं मी धरून चाललेलो नाही. त्यांचा राग जायला वेळ लागेल, आणि कदाचित जाणारही नाही.

वहिनी, दादा तुम्हाला लग्नाआधी भेटायला आला होता तेव्हा काय बोलला होता? घरी परत आला तो कान लाल करून, आणि मी कितीही खोदून विचारलं तरी सांगितलं नाही. त्याला पाण्याची भीती वाटायची का कधी? रागावला की गप्प बसायचा की आदळआपट करायचा? मी अठराव्या वर्षी घर सोडलं. माझ्याकडे त्याचं लहानपणच आहे, मोठेपण तुमच्याकडे राहिलं.

हे पत्रातून नको. मला महिनाअखेरीला आठ दिवस रजा आहे. येऊ का?

धाकटा


१६ एप्रिल

धाकट्या,

विचारतोस काय, ये.

मागची खोली झाडून घेते आहे. तिथे लोकांचे न नेलेले कपडे टांगलेले असतात, ते एका बाजूला करेन. पलंग ह्यांचा आहे. चालत नसेल तर सांग, बाहेर गादी घालू.

लग्नाआधीचं मी सांगेन, पण सगळं नाही.

एक आधीच लिहून ठेवते. दुकानात मी दिवसभर बोलते, ‘मंगळवारी मिळेल, डाग जाणार नाही,’ असलं. घरात बोलायची सवय मात्र पार मोडली आहे. तेव्हा पहिल्या दिवशी मी नुसती वाढत राहिले आणि काही बोलले नाही, तर राग समजू नकोस. तूही बोलायलाच हवं म्हणून बोलू नकोस. दोघं गप्प बसू. दुसऱ्या दिवसापासून बोलणं येईल.

वहिनी